डीपीचा आवाज, दोन मोटारी आणि तिकिटाचे पैसे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पुण्यात ऐकलेल्या एका प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमाबद्दल लिहिलं होतं, त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यातले काही इथं घेतलेत. बहुतेक मराठवाड्यातूनच आलेत, त्यामुळं मीही आपल्याच भाषेत बोलतो.

प्रश्न : मी लातूरचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रूममेटनं ओढत नेलं म्हणून अशा एका कॉन्सर्टला गेलो. स्टेजवर एकच माणूस, समोर टेबलावर वायरींचं जंगल आणि पाऊण तास नुसता घूंऽऽ आवाज. ना बीट ना गाणं. लोक डोळे मिटून बसलेले. मला वाटलं सगळ्यांना कळतंय आणि मलाच कळत नाहीये. खरं सांगा, तो माणूस काही वाजवत तरी होता का, की आधीच रेकॉर्ड केलेलं लावून बटणं फिरवत होता?

उत्तर : तू पाऊण तास बसलास हे मला फार आवडलं, कारण मी माझ्या पहिल्या कार्यक्रमातून पंधराव्या मिनिटाला उठून बाहेर आलो होतो, मुंबईत, आणि मित्र बाहेर येईपर्यंत पायऱ्यांवर बसून होतो, तर दाराच्या फटीतून जो आवाज येत होता तो हळूहळू पूर्ण बदलून गेलाय हे मला तिथं पायऱ्यांवर कळलं. आत असताना कळलं नव्हतं. आत मी गाण्याची वाट बघत होतो ना.

आधी वायरींचं सांगतो. तू बघितलंस ते बहुतेक मॉड्युलर सिंथेसायझर असणार. त्यात एका डब्यात छोटे छोटे भाग बसवलेले असतात, एक भाग आवाज तयार करतो त्याला ऑसिलेटर म्हणतात, दुसरा त्यातला काही आवाज गाळून टाकतो तो फिल्टर, तिसरा आवाज कसा उठणार आणि कसा विरणार ते ठरवतो, आणि हे सगळे एकमेकांशी व्होल्टेजनं बोलतात. वायर म्हणजे कुणी कुणाचं ऐकायचं ते ठरवणं. एक वायर काढून दुसरीकडं खोचली की वाद्यच बदललं. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी प्रत्यक्षात आणली, तेव्हा ती यंत्रं कपाटाएवढी असायची, नव्वदच्या दशकात डोएफर या जर्मन कंपनीनं टेबलावर मावेल असा आकार आणला आणि तोच आज बहुतेक ठिकाणी दिसतो. यातलं बरंच काही सेव्ह करून ठेवता येत नाही. आज लावलेली जोडणी उद्या तशीच लावली तरी हुबेहूब तोच आवाज येईल असं नाही, नॉब केसभर इकडंतिकडं झाला की गेलं. म्हणजे तू जे ऐकलंस ते त्या संध्याकाळचंच होतं.

रेकॉर्ड केलेले तुकडे काही जण वापरतात, त्यात लबाडी नाही. पण तुला ओळखायचंच असेल तर चेहऱ्याकडं न बघता हातांकडं बघ. हात हलला की आवाज हलतो का, आणि आवाज हलल्यावर तो माणूस थांबून ऐकतो का. चांगला वाजवणारा अर्धा वेळ ऐकतच असतो. लॅपटॉपवाल्यांमध्ये तर एक मंडळी अशी आहेत की ती स्टेजवर बसून कोड लिहितात आणि स्वतःची स्क्रीन मागच्या पडद्यावर टाकतात, लाईव्ह कोडिंग म्हणतात त्याला, एक ओळ बदलली की आवाज बदलतो आणि चूक झाली तर तीही सगळ्यांना दिसते. तुझ्या ब्रँचचं डोकं असेल तर तिथं तुला जास्त मजा येईल.

आता तो घूंऽऽ. तू लातूरचा आहेस म्हणजे डीपीखालून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरखालून, शेकडो वेळा गेला असशील. डीपी गुणगुणते ती का, तर आपली लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास सायकलची, आणि आतला लोखंडी गाभा प्रत्येक सायकलमध्ये दोनदा ताणला जातो, म्हणून तिचा मूळ आवाज १०० हर्ट्झचा. त्याच्यावर २००, ३००, ४०० असे वरचे आवाज बसलेले असतात. कधीतरी शांत वेळी तिच्यापासून लांब, रस्त्याच्या कडेला उभा राहा आणि त्या एका आवाजात किती आवाज आहेत ते मोज. पहिल्यांदा एकच ऐकू येतो. मग दुसरा सुटा होतो. मग एक बारीक वरचा, डासासारखा. डीपी तीच असते, तुझा कान उघडत गेलेला असतो.

दुसरं, शेजारशेजारच्या दोन विहिरींवर मोटारी चालू असल्या की आवाज असा वंऽऽ-वंऽऽ-वंऽऽ करत वरखाली होतो, ऐकलं असशीलच. दोन्ही मोटारी अगदी एकाच वेगानं फिरत नाहीत, लोडप्रमाणं थोडा फरक पडतो, आणि दोन आवाजांत एका हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो, दोनचा असेल तर दोन. तानपुरा लावणारा माणूस हाच हेलकावा ऐकत खुंटी पिळत असतो, तो थांबला की तारा जुळल्या. त्या टेबलावरच्या माणसानं नव्वद टक्के हेच केलं असणार, दोन-तीन ऑसिलेटर जवळजवळ आणून त्यांच्यातला हेलकावा कधी संथ कधी जलद केला असणार, आणि तू बीट नाही म्हणतोस पण बीट होता, तो ढोलाचा नव्हता एवढंच. तानपुऱ्याची जवारी आठव. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की तीच तार झणझणायला लागते, सूर तोच, पोत वेगळा. या संगीतात पोत हाच मुद्दा आहे. सूर आणि ताल शोधत बसलास तर हाती काही लागत नाही.

पुढच्या वेळी असं कर. पहिली दहा मिनिटं एकच आवाज धर, सगळ्यात खालचा धर, आणि त्याच्याबरोबर जा. तो कुठं जाड होतो, कुठं खरखरतो, कधी गेला ते कळलंच नाही असं होतं का. बाकीचं आपोआप येतं. आणि वीस मिनिटांच्या आत उठू नकोस. त्यानंतरही नाही आवडलं तर नाही आवडलं, कार्यक्रम वाईटही असतात, मीच दोन-तीन अतिशय कंटाळवाणे ऐकलेत जिथं माणूस फक्त मशीन दाखवत होता. पण ते वाईट आहेत हे कळायलासुद्धा वीस मिनिटं लागतात.

प्रश्न : मुलगी संभाजीनगरला शिकते, वीस वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर मुंबईला असल्या रात्रीच्या कार्यक्रमाला जायचं म्हणते. तिचे पप्पा नाही म्हणतात. तिथं दारू-नशा असं काही असतं का? (एक आई, जालना)

उत्तर : ताई, काळजी बरोबर आहे, पण मुलीला उडवून लावू नका आणि पप्पांनाही उडवून लावू नका. असले कार्यक्रम दोन प्रकारच्या जागी होतात. एक म्हणजे क्लब, तिथं बार असतो, उशिरा सुरू होतं, आणि महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं म्हणून असल्या जागा बऱ्याचदा २१ च्या खालच्यांना आत घेतच नाहीत. म्हणजे तुमची मुलगी कदाचित दारातूनच परत येईल. दुसरं म्हणजे आर्ट गॅलरी, छोटं नाट्यगृह, एखाद्या सांस्कृतिक संस्थेचा हॉल, तिथं संध्याकाळी सात-आठला सुरू होऊन दहापर्यंत संपतं, लोक खुर्चीत नाहीतर जमिनीवर बसून ऐकतात, आणि वातावरण शास्त्रीय संगीताच्या बैठकीसारखंच असतं, थोडं अंधारं. तिला विचारा जागा कोणती, सुरू कधी होणार, वयाची अट काय, तिकिटावर लिहिलेलं असतं. प्रायोगिक संगीत ऐकायचं म्हणत असेल तर पहिल्या वेळी दुसऱ्या प्रकारच्या जागेतच तिला जास्त ऐकायला मिळेल, क्लबात मागं गप्पाच जास्त असतात.

परतीचं आधी ठरवा. देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून रात्री नऊ-साडेनऊला सुटते, कार्यक्रम संपवून ती मिळणं अवघड. तेव्हा रात्री कुणा नातेवाइकांकडं मुक्काम आणि सकाळची तपोवन, ती सव्वासहाच्या आसपास निघते, दुपारपर्यंत पोरी घरी. टाईमटेबल एकदा बघून घ्या, बदलत असतं. आणि ताई, जमलं तर तुम्हीच जा तिच्याबरोबर. मी साठीच्या बायका नऊवारीत बसून ऐकताना बघितल्यात, पुण्यात, आणि त्यातल्या एकीनं नंतर वाजवणाऱ्याला विचारलेला प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न होता : हा आवाज तुम्हाला आधी डोक्यात ऐकू येतो का मशीनवर सापडतो? तो बराच वेळ उत्तर देत होता.

प्रश्न : आमच्याकडं पिढीजात गोंधळ आहे, गाव तुळजापूरजवळ. पुतण्या कॉम्प्युटर शिकलाय, तो म्हणतो काका तुमचा संबळ रेकॉर्ड करून देतो, लॅपटॉपवर टाकून पुण्यात कार्यक्रम करतो. देवीचं वाद्य असं मशीनमध्ये घालून त्याची मोडतोड केलेली चालते का? मन घेत नाही पण पोराला नाराज पण करावंसं वाटंना.

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो.

आमच्या घरात मंडप-स्पीकरचा धंदा होता, परभणी जिल्ह्यात. भोंगे, कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि दोन माईक. गोंधळाला आमचाच माईक असायचा आणि वडिलांची एक सवय होती, संबळापुढं माईक ठेवायचे नाहीत, म्हणायचे त्याला माईक कशाला, तो गल्लीच्या टोकापर्यंत जातोय. माईक फक्त गाणाऱ्याला आणि झीलकऱ्यांना. त्यामुळं संबळाचा खरा आवाज काय असतो ते माझ्या कानात पक्कं आहे, मोठ्या अंगाचा तो घुमता, दाबलेला आवाज आणि लहान अंगावर काडीचा तो कडक टणत्कार, आणि दोन्ही मिळून जे एकाच वेळी खालून ढकलतं आणि वरून टोचतं. हे कुठल्याच ड्रम मशीनमध्ये नाही. पुतण्याला याच आवाजाचं वेड लागलं असेल तर त्याचा कान चांगला आहे, हे मी आधी सांगतो.

आवाज रेकॉर्ड करून त्याची रचना करायची ही गोष्ट नवी नाही. १९४८ साली पॅरिसमध्ये पिअर शेफर नावाच्या रेडिओतल्या इंजिनिअरनं रेल्वे यार्डात जाऊन इंजिनं, चाकं, शिट्ट्या रेकॉर्ड केल्या आणि त्याच तुकड्यांतून रचना बांधून रेडिओवर ऐकवली. टेपसुद्धा नव्हती त्याच्याकडं, तबकड्यांवर काम केलं, एक खाच बंद करून ठेवायची म्हणजे सुई तिथंच फिरत राहते आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. आज पुतण्या ज्याला लूप म्हणत असेल ते हेच. आणि १९६८ साली स्टीव्ह राईश या अमेरिकन संगीतकारानं माईक वायरीला टांगून स्पीकरवरून झोके दिले, माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारायचा, पुढं गेला की गप्प. आमच्या मंडपात माईकनं शिट्टी मारली की वडिलांच्या कपाळावर आठी यायची, आणि तिकडं लोक शांत बसून तेवढंच ऐकत होते. मला दोन्ही बरोबर वाटतात. लग्नात ती शिट्टी अडथळा आहे आणि त्या खोलीत तेच संगीत.

पण रेल्वेचं इंजिन कुणाच्या देव्हाऱ्यातलं नव्हतं, आणि संबळ आहे. म्हणून मला असं वाटतं, देवीच्या आवाहनाला, आरतीला जे वाजतं, जे विधीतच वाजायला पाहिजे, ते देऊ नका, आणि पुतण्याला सरळ सांगा हे देणार नाही. त्याला समजेल, घरचाच आहे. दुसरं, गोंधळात पाहुण्यांसमोर रंगात येऊन जे वाजवता, जी तुमची स्वतःची हाताची कमाई आहे, ती द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, एकेक तुकडा स्वतः ऐकून. आणि तिसरं जे मला मनापासून वाटतं ते हे की नुसता आवाज देऊ नका, स्वतः जा. संबळ घेऊन स्टेजवर बसा, पुतण्या शेजारी मशीन घेऊन बसू दे, तुम्ही वाजवलेलं तो पकडेल, लांबवेल, खाली खेचेल, आणि तुम्ही त्याला उत्तर द्याल. रेकॉर्डिंग उत्तर देऊ शकत नाही, तुम्ही देऊ शकता. आणि पोस्टरवर दोघांचं नाव सारख्या अक्षरात आणि मानधन अर्धं अर्धं, हे आधी बोलून घ्या, घरातलं असलं तरी. लोककलावंतांचा आवाज वापरला गेला आणि नाव कुठंच नाही असं फार झालंय.

प्रश्न : हे सगळं गोऱ्यांचं अनुकरण नाही का? आपल्याकडं कुणी केलंय? (नांदेड)

उत्तर : केलंय, आणि लवकर केलंय. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो मांडून दिला, मूग सिंथेसायझर आणि टेप मशीन, आणि मग गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथं काम केलं. १९७२ पर्यंतच्या त्या टेप नंतर कितीतरी वर्षं संस्थेतच पडून होत्या. ब्रिटनचे कलाकार पॉल परगस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यातल्या निवडक रेकॉर्डच्या रूपात बाहेर आल्या, म्हणजे पन्नास वर्षांनी आपल्याला कळलं की आपल्याकडं हे होतं. गीता साराभाई तर पखवाज वाजवायच्या, त्या काळात बाईनं पखवाज वाजवणं म्हणजे काय ते विचार करा. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवत होत्या आणि बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या. संगीत कशासाठी, तर मन शांत आणि स्थिर व्हावं म्हणून, हे आपल्या गुरूंचं म्हणणं त्यांनी केजना सांगितलं आणि केज ते पुढं आयुष्यभर सांगत राहिले. आता यात कुणी कुणाचं अनुकरण केलं?

आणि मुंबईत चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे. त्यांनी १९८२ मध्ये रोलंड या जपानी कंपनीच्या तीन मशीनवर, त्यातली दोन तेव्हा अगदी नवी होती, रागांची एक रेकॉर्ड केली. फारशी खपली नाही. त्यातल्याच टीबी ३०३ या मशीनच्या पिळवटलेल्या आवाजावर शिकागोत १९८७ च्या सुमाराला ॲसिड हाऊस नावाचा डान्स संगीताचा अख्खा प्रकार उभा राहिला. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, पाच वर्षं आधी मुंबईत हे कसं काय. सिंग २०१५ मध्ये गेले, पण त्याआधी त्यांना परदेशात स्टेजवर ते वाजवायला मिळालं, याचं मला फार समाधान वाटतं.

प्रश्न : कार्यक्रमानंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. इअरप्लग लावले तर संगीत ऐकू येतं का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येतं, आणि लावाच. ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास सहन होतो, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल अशी आहे. फोमचे स्वस्त प्लग वरचा आवाज जास्त खातात म्हणून संगीत गोधडीतून ऐकल्यासारखं येतं, संगीतासाठी फिल्टरवाले वेगळे मिळतात, ते सगळा आवाज साधारण सारखा कमी करतात. फोमचा असेल तर बोटात बारीक वळून, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा, बहुतेक लोक नुसता दारात अडकवतात. स्पीकरच्या तोंडासमोर उभं राहू नका. दोन दिवस शिट्टी म्हणजे कानानं सांगितलंय की जास्त झालं, अजून येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला आजच दाखवा, उद्यावर टाकू नका. आणि हे प्लग वरातीतल्या डीजेच्या भिंतीसमोरही लावा, तिथं तर जास्तच गरज आहे.

प्रश्न : कुठं बसायचं, टाळी कधी वाजवायची? पहिल्यांदाच जातोय. (बीड)

उत्तर : मध्यभागी बसा, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, कारण बरेच जण आवाज एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवतात. भिंतीला टेकू नका, खालचे आवाज तिथं फुगतात, ५० हर्ट्झची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते आणि खोलीच्या कोपऱ्यात ती साचते. टाळी शेवटी. आवाज थांबला की लगेच नाही, माणसानं हात टेबलावरून काढले की मग. फोन बंद, व्हायब्रेटसुद्धा नाही, शांत जागी खुर्चीवर फोन थरथरला तर अख्खी रांग दचकते.

प्रश्न : आमच्याकडं हिंगोलीत असलं काही होतच नाही. मुंबई-पुण्याला जाणं परवडत नाही. मग काय करायचं?

उत्तर : सुरुवात फुकटात होते. सोनिक पाय, सुपरकोलायडर, प्युअर डेटा हे सगळे प्रोग्राम मोफत आहेत, जुन्या लॅपटॉपवरसुद्धा चालतात, त्यातला सोनिक पाय शाळेतल्या पोरांसाठीच बनवलाय, पहिल्या संध्याकाळी आवाज निघतो. चार जण जमवा, शाळेचा एक वर्ग रविवारी मागून घ्या, दोन बरे स्पीकर, लाईट बंद, आणि जे केलंय ते एकमेकांना ऐकवा. तिकीट नको, मागं चहा ठेवा.

आणि कधी वेरूळला आलात, मंगळवार सोडून, तर दहा नंबरच्या लेण्यात जा, विश्वकर्मा लेणं, ज्याला सुतार की झोपडी म्हणतात. छताला दगडातच वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात. गर्दी कमी व्हायची वाट बघा, मग एकानं हळू आवाजात एकच स्वर लावायचा आणि तोडायचा, बाकीच्यांनी तो कुठं कुठं जाऊन किती वेळानं संपतो ते ऐकायचं. स्पीकर-बिकर तिथं न्यायचा नाही, संरक्षित स्मारक आहे.

घरी काय रेकॉर्ड करायचं असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. शेतीची रात्रपाळीची थ्री फेज लाईट कधी येते ते तुम्हाला माहीतच असेल. विहिरीपाशी आधीच जाऊन बसा, फोन कट्ट्यावर एका फडक्यावर ठेवा म्हणजे कट्ट्याची थरथर त्यात येणार नाही, एअरप्लेन मोडवर टाका, आणि लाईट यायच्या दहा मिनिटं आधीपासून रेकॉर्डिंग चालू करा. आधी रातकिडे. मग तुमची मोटार, मग शेजाऱ्याची, मग लांबची एकेक. मला पाठवा, मी ऐकेन.